नवे मासे पंधरवड्यात मरतात? टाकी धुवायला घेण्याआधी घरच्या पाण्यात डाळ शिजते का ते बघा

दिवाळीची सुट्टी संपली की, आणि पुन्हा मे महिन्यात, असा वर्षातून दोनदा मला ठरलेला फोन येतो. "टाकी नवीन आहे, फिल्टर चालू आहे, खाणं वेळेवर घालतोय, तरी मासे टिकेनात. तिसऱ्यांदा आणले." बोलणारी आई किंवा बाप असतो आणि मागून पोरगं काहीतरी सांगत असतं. मी बेळगावच्या शहापुरात राहतो, चौदा वर्षं घरात मासे पाळतोय. फोनवर प्रत्येकाला जे विचारतो तेच इथं सविस्तर लिहितोय, म्हणजे चौथ्यांदा मासे आणायच्या आधी कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

माझा पहिला प्रश्न माशाचा नसतोच. घरात पाणी कुठलं येतं, हा असतो. नळाचं, बोअरचं की विहिरीचं? लोक म्हणतात, "पाणी एकदम चांगलं आहे, आम्हीच पितो की." चांगलं असेलच. पण माणसाला गोड लागणारं पाणी प्रत्येक माशाला मानवतं असं नाही, आणि आपल्या बेळगाव भागात तर पन्नास-साठ किलोमीटरवर पाण्याचा स्वभावच बदलतो. पश्चिमेला खानापूर-जांबोटीकडं तांबडी माती आणि जांभा दगड, पाऊस धो-धो, विहिरीचं पाणी मऊ, म्हणजे क्षार कमी. पूर्वेला चिकोडी-अथणीकडं काळी जमीन, पाऊस कमी, बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षार जास्त. मधे बेळगाव शहर, तिथं राकसकोप आणि हिडकलच्या जलाशयांचं नळाचं पाणी. दुकान मात्र सगळ्यांचं एकच असतं, कारण मासे आणायला सगळे बेळगावातच येतात.

ही गोष्ट मला दोन घरांमुळं कळली. माझी चुलत वहिनी चिकोडीची आणि आत्या जांबोटीच्या अलीकडच्या एका खेड्यातली. एका लग्नाच्या खरेदीला दोघी बेळगावात आल्या होत्या, बरोबर पोरं होती. पोरांनी हट्ट धरला आणि दोन्ही घरी दोन फूट बाय एक फूट बाय एक फुटाची सारखीच टाकी गेली. वहिनीच्या पोरीला चमकणारे निऑन टेट्रा आवडले, तिनं दहा घेतले. आत्याच्या नातवानं रंगीत शेपटीचे गप्पी घेतले. दुकानही तेच, दिवसही तोच.

पाचव्या दिवसापासून वहिनीचा फोन सुरू. "भावजी, तिसरा गेला बघा सकाळी." आत्याकडं मासे मेले नव्हते, पण पंख अंगाला चिकटवून कोपऱ्यात थांबायचे आणि जागच्या जागी थरथरायचे, थंडीत माणूस कुडकुडतो तसे. दुकानातून दोघींनाही निळ्या औषधाची बाटली मिळाली होती. वहिनीनं तर पाणी शाईसारखं होईपर्यंत घातलं होतं.

मी चिकोडीला गेलो तेव्हा वहिनी कुकर लावत होती. डाळीचं पाणी तिनं कोपऱ्यातल्या वेगळ्या घागरीतून घेतलं. विचारलं तर म्हणाली, "हे नळाचं. बोअरच्या पाण्यात सात शिट्ट्या काढल्या तरी डाळीचा दाणा राहतो." टाकीत मात्र बोअरचं पाणी. चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर, बाथरूमच्या बादलीला काठापर्यंत तोच थर. पुढच्या रविवारी आत्याकडं गेलो. जेवून हात धुताना साबण काही केल्या सुटेना, हात बुळबुळीतच. ते मऊ पाणी.

निऑन हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, मऊ आणि किंचित आंबट पाण्यातला. गप्पी मूळचा व्हेनेझुएला-त्रिनिदादकडचा, त्याला क्षार असलेलं जड पाणी मानवतं. डासांच्या अळ्या खायला आरोग्य खातं हौदात-विहिरीत सोडतं तेच हे गप्पी, फक्त दुकानातले शेपटी वाढवून, रंग खुलवून तयार केलेले. दोन्ही घरी मासा आणि पाणी यांची अदलाबदल झाली होती. मी वहिनीकडचे उरलेले चार निऑन पिशवीत घालून माझ्या घरी आणले, तिथं सावरल्यावर आत्याकडं नेले आणि आत्याचे गप्पी चिकोडीला पोचवले. महिनाभरात दोन्ही घरचे फोन थांबले.

म्हणून दुकानात जायच्या आधी घरी एक साधी परीक्षा करा. डाळ आणि पातेल्याचा थर ही पहिली खूण. दुसरी, पारदर्शक बाटली तिसरा हिस्सा पाण्यानं भरायची, साध्या साबणाच्या द्रावणाचे चार-पाच थेंब घालून जोरात हलवायची. कपड्याची पावडर नको, साबणच हवा. वर भरपूर फेस आणि खाली पाणी नितळ असेल तर पाणी मऊ. फेस धरत नाही आणि पाणी दुधाळ होतं तर जड. यात आकडा मिळत नाही, पण कुठल्या गटातला मासा घ्यायचा एवढं नक्की कळतं.

आरओचं पाणी वापरू का, हे हमखास विचारतात. नुसतं आरओ घालू नका. त्यात क्षार जवळजवळ उरलेलेच नसतात, त्यामुळं पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, सांभाळून धरणारं काही राहत नाही आणि तो एके दिवशी धाडकन खाली येतो. जड पाण्यात थोडं आरओ मिसळून निऑन पाळणारे आहेत, पण दर आठवड्याला ते माप सांभाळत बसण्यापेक्षा आपल्या पाण्याला चालणारा मासा घ्यावा, हे माझं स्पष्ट मत.

कितव्या दिवशी मेला, ते आठवा

पाणी कळलं की दुसरा प्रश्न हा. मासा आणल्यापासून मरेपर्यंत किती दिवस गेले, यावरून कारण बरंच उलगडतं.

आणल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मेला तर बहुतेक क्लोरीन किंवा तापमानाचा धक्का. नळाला पाणी आलं की लगेच पाइप लावून टाकी भरणारे खूप आहेत. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास जास्त येतो, तेव्हा हे प्रकार वाढतात. क्लोरीननं माशाचे कल्ले जळतात. बॅरलमध्ये उघडं ठेवून, एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून एक दिवस गेला की साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापानं. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, तरी तेही रात्रभर भरून ठेवा. जमिनीतून नुकतंच वर आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो निघून गेला की पीएच बदलतो. तो बदल बादलीत होऊ दे, माशाच्या अंगावर नको.

तिसऱ्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत एक-एक करून गेले, तर दहापैकी आठ वेळा कारण अमोनिया. इथं जरा थांबून सांगतो, कारण सगळ्यात जास्त मासे यानंच जातात आणि दुकानात हे कुणी सांगत नाही.

मासा श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं कुजलं की त्याचाही अमोनियाच होतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर जिवाणू वाढलेले असतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी, नायट्रेट बऱ्यापैकी सोसतं आणि पाणी बदललं की कमी होतं. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण सोमवारी टाकी आणतो आणि मंगळवारी त्यात बारा मासे सोडतो. पाणी काचेसारखं नितळ दिसतं, पण आत विष साठत असतं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, कल्ले लाल होतात, खाणं सोडतात.

जड पाण्याच्या घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. पाणी अल्कधर्मी असलं की त्याच अमोनियाचा विषारी हिस्सा वाढतो. पीएच ७ च्या पाण्यात जेवढा असतो त्याच्या जवळजवळ दहापट पीएच ८ ला होतो. वहिनीचे निऑन पाचव्या दिवशीच का गेले आणि आत्याचे गप्पी नव्याच टाकीत थरथरत का होईना तग धरून का राहिले, याचं अर्धं उत्तर इथं आहे.

महिना नीट गेला आणि मग आठ-दहा दिवसांनी एखादा जायला लागला, तर पाणी न मानवणं, थंडी, दुसऱ्या माशाचा त्रास किंवा टाकी लहान पडणं, यांतलं काहीतरी शोधा.

आणि एका सकाळी सगळे एकदम गेले, तर काल काय झालं ते आठवा. रात्रभर लाईट नव्हती का? खोलीत डासांचा फवारा मारला का? एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो आणि डासांच्या औषधातलं पायरेथ्रॉइड माशांना अगदी थोडंसंही पुरतं. गणपतीच्या आधी खोलीला ऑइलपेंट लावताना टाकीचा पंप दुसऱ्या खोलीत ठेवून नळी आत आणा. आमच्या गल्लीत एका घरी आठ वर्षांची टाकी एका संध्याकाळच्या फवाऱ्यात रिकामी झाली होती. त्या घरातला मुलगा दोन दिवस जेवला नव्हता.

टाकीत पाणी नेमकं किती

दोन फुटी टाकी म्हटली की डोळ्यांना मोठी वाटते. एक घनफूट म्हणजे २८ लिटर, म्हणून दोन बाय एक बाय एकची टाकी ५६ लिटरची. खाली दीड इंच खडी, वर दीड इंच मोकळी जागा धरली की खरं पाणी ४५ लिटरच्या आसपास उरतं. एक फुटी चौकोनी टाकीत २०-२२ लिटर. आणि टेबलावरच्या गोल काचेच्या भांड्यात पाच-सात लिटर. त्या भांड्यासाठी मासा सुचवा असं कुणी म्हटलं तर मी सुचवत नाही. त्यात फिल्टर बसत नाही, पाणी तासाभरात थंड-गरम होतं. त्यात मनी प्लांटची मुळं सोडा, छान दिसतात.

दुकानात मासे पिल्लाच्या वयाचे असतात, दीड-दोन इंचांचे, आणि सगळी फसगत तिथंच होते. माझ्या पहिल्या टाकीत दुकानदारानं निवडून दिले होते ते असे: दोन गोल्डफिश, दोन एंजल, चार टायगर बार्ब, दोन शार्क आणि काच साफ करायला एक सकर. मी विचारलं होतं, एवढे मावतील का? "एनू आगूदिल्ल री," काही होत नाही, असं तो म्हणाला आणि मी विश्वास ठेवला. आता एकेकाचं सांगतो.

गोल्डफिश आपल्या हवेला चालतो, थंडीला घाबरत नाही, पण तो घाण फार करतो आणि वाढतो. गोल पोटाचा, दुहेरी शेपटीचा प्रकारसुद्धा वीतभर होतो आणि नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. ४५ लिटरमध्ये तो वाढत नाही म्हणून लोक खूश असतात. तो खुंटलेला असतो. एंजल उभा वाढतो, पंखांसकट उंची वीतभर होते, एक फूट उंचीच्या टाकीत खडी सोडून त्याला जागा राहत नाही. शिवाय मोठा झाला की निऑन गिळतो. टायगर बार्ब स्वतः काटक, पण लांब पंख दिसले की कुरतडतो. माझ्या एंजलचे लोंबते पंख त्यांनी चार दिवसांत दोरीसारखे करून टाकले होते. शार्क म्हणून विकतात तो बहुतेक पंगास, म्हणजे शेततळ्यात खाण्यासाठी वाढवतात तोच. पुरता वाढला तर माणसाच्या कमरेएवढा लांब होतो. आणि साधा सकर फूट-दीड फुटाचा होतो. तो टाकी साफ करतो हाही गैरसमज आहे. शेवाळ थोडं खातो, विष्ठा त्याच्या दुप्पट टाकतो.

ऑस्कर, अरोवाना, फ्लॉवरहॉर्न, किसिंग गोरामी, टिनफॉइल बार्ब यांच्याकडं लहान टाकीसाठी बघूही नका.

आपल्या थंडीचं गणित

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. हिवाळ्यात पहाटे बोटं वळत नाहीत, हे इथल्या कुणाला सांगायला नको. माझ्या हॉलमधल्या टाकीत हीटर नसताना डिसेंबर-जानेवारीत सकाळी १८-१९ अंश मोजलेत. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नाही, तेव्हाही पाणी २२ च्या पुढं सरकत नाही. फायटर माशाला २४ ते २८ लागतं, गप्पीला २२ च्या वर बरं वाटतं. थंडीनं मासा लगेच मरत नाही. त्याची प्रतिकारशक्ती पडते आणि मग अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. संक्रांतीच्या सुमारास येणारे बहुतेक फोन याच ठिपक्यांचे असतात.

४५ लिटरला ५० वॅटचा हीटर पुरतो, आपोआप बंद होणारा घ्या. लिटरला साधारण एक वॅट असा हिशेब. पाणी बदलायच्या आधी तो बंद करून दहा मिनिटं थांबायचं. तापलेला हीटर उघडा पडला की त्याची काच तडकते. एका मित्राच्या घरी पाण्यात करंट उतरायचाच बाकी राहिला होता, म्हणून टाकीत हात घालण्याआधी सगळे प्लग काढा.

हीटर घ्यायचा नसेल तर थंडी सोसणारा मासा घ्या. झेब्रा डॅनिओ १८ अंशाला मजेत असतो, व्हाइट क्लाउड त्याहून थंडीतही. निवडीचा हा भाग लोक विसरतात. मुंबईच्या मित्राकडं हीटर नाही म्हणून आपल्याकडंही नको, असं होत नाही.

मग घ्यायचं काय

४५ लिटरची टाकी आणि जड पाणी असेल तर सहा ते आठ गप्पी, सगळे नर. नर लहान आणि रंगीत असतो. माद्या घेतल्या तर दर महिन्याला वीस-तीस पिल्लं आणि तीन महिन्यांत टाकी भरलेली. एकट्या मादीलाही पिल्लं होतात, कारण आधीचं बीज ती कित्येक महिने पोटात साठवून ठेवते. गप्पीऐवजी प्लॅटी आवडत असतील तर पाच नर. ब्लॅक मॉली लोकांना फार आवडते, पण ती बोटभर लांब होते आणि खाते दाबून, तिला अडीच-तीन फुटी टाकी हवी.

घरातल्या थोरल्यांना शुभ म्हणून आठ लाल-सोनेरी आणि एक काळा अशीच नवाची जोडणी हवी असते. त्यांचं मन मोडायची गरज नाही आणि त्यासाठी नऊ गोल्डफिश कोंबायचीही गरज नाही. लाल शेपटीचे आठ गप्पी आणि एक काळा, सगळे नर. ४५ लिटरमध्ये नऊही मावतात आणि जोडणीही होते. माझ्या सासूबाईंच्या देवघराशेजारी पाच वर्षं अशीच टाकी आहे.

पाणी मऊ असेल तर निऑन, आठ-दहा. दोन-तीन घेऊ नका. हा थव्यानं राहणारा मासा, एकटादुकटा असला की भेदरून झाडामागं बसतो. पण निऑन अगदी नव्या टाकीत सोडायचा नाही, टाकी दोन महिने चालल्यावर आणायचा. आत्याच्या फिल्टरमध्ये मी जाळीच्या पिशवीत मूठभर शिंपले ठेवलेत. मऊ पाण्याचा पीएच हळूहळू घसरतो, शिंपले थोडे-थोडे विरघळून तो धरून ठेवतात. जड पाण्याच्या घरी याची काही गरज नाही.

शहरातल्या नळाच्या पाण्याला निवड सोपी. सहा-आठ झेब्रा डॅनिओ, किंवा हीटर असेल तर सहा चेरी बार्ब. झेब्रा हा आपल्याच उपखंडातला मासा, दिवसभर इकडून तिकडं पळतो, त्याला टाकीची उंची नको, लांबी हवी. म्हणून दोन फुटांपेक्षा आखूड टाकीत तो नको. नवशिक्यांना मी झेब्राच सांगतो.

एक फुटी टाकीसाठी माझं उत्तर एकच, एक फायटर. एकच. त्याच्याकडं कल्ल्यांशिवाय वरची हवा घेणारा अवयव असतो म्हणून तो दुकानात छोट्या बाटलीत जिवंत दिसतो, पण ते जगणं बरं नव्हे. २० लिटर पाणी, संथ चालणारा स्पंज फिल्टर, हीटर आणि एक-दोन खऱ्या पानांची झाडं मिळाली की तोच मासा ओळखू येत नाही. पोरांना तो सगळ्यात जास्त लळा लावतो. माझ्या मुलीचा फायटर तिचा शाळेचा डबा उघडल्याचा आवाज आला की काचेपाशी यायचा, कारण त्याचं खाणं त्याच कप्प्यात असायचं. दोन नर एकत्र ठेवले तर मरेपर्यंत भांडतात. गप्पीबरोबरही नको, रंगीत शेपटीला तो दुसरा नर समजतो.

मलप्रभेच्या काठावरून, भाताच्या खाचरातून पोरं मासे धरून आणतात, ते टाकीत सोडू का असंही खानापूरकडून विचारतात. ते तिथंच राहू देत. वाहत्या पाण्यातला मासा बंद टाकीत तळमळतो आणि बरोबर रोग-जंतही आणतो.

दुकानात उभं राहिल्यावर

माल कधी आला, हे आधी विचारा. शोभेचे मासे चेन्नईचं कोळत्तूर, कोलकाता अशा लांबच्या ठिकाणांहून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत येतात. आल्या दिवशी घेऊ नका. चार-पाच दिवस दुकानात टिकलेला घ्या. एकाच टाकीत एक जरी मेलेला किंवा ठिपक्यांचा दिसला तर त्या टाकीतला कुठलाच नको, जाळी एकच फिरवतात. पोट आत गेलेला, पंख मिटलेला, पृष्ठभागाशी तोंड घासणारा सोडून द्या. खाणं टाकायला सांगा. जो धावत येतो तो तुमचा.

दुकानाचं पाणी कुठलं, हेही विचारून घ्या. आपल्या घरच्या पाण्यापेक्षा फार वेगळं असेल तर मासा सोडायला वेळ लावायचा. पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्यायची, मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचं पाणी आत घालायचं, अर्धा तास. नंतर जाळीनं मासा उचलून टाकीत, पिशवीतलं पाणी मोरीत.

पहिले सहा आठवडे

टाकी लावली, खडी धुऊन घातली, फिल्टर चालू केला की लगेच मासे आणू नका. ओळखीत कुणाची निरोगी जुनी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागा. ओला ठेवून तासाभरात आणायचा आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवायचा. हजार रुपयांच्या औषधानं होत नाही ते या काळ्या, घाण दिसणाऱ्या तुकड्यानं होतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठूनही मला विचारलं तर मी स्पंज पिळून देतो, आजवर कितीतरी टाक्यांना दिलाय.

स्पंज नाही मिळाला तर दोन-तीन झेब्रांवर किंवा गप्पींवर सुरुवात करा, खाणं दिवसाआड चिमूटभर, आणि दर दोन-तीन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदला. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं थेंबांचं किट मिळतं. सलग आठवडाभर दोन्ही शून्य आले की पुढचे दोन-तीन मासे. पुन्हा आठवडा. पोरांना धीर नसतो, हे खरं. त्यांना किटचा रंग बघायला बसवा, पिवळ्याचं हिरवं झालं की धावत सांगायला येतात.

आता ज्या चुकीमुळं जमलेली टाकीही बिघडते ती सांगतो. रविवारी मासे बादलीत काढायचे, सगळं पाणी ओतायचं, खडी नळाखाली चोळायची, स्पंज साबणानं किंवा नळाच्या धारेखाली पिळायचा, लखलखीत करून पुन्हा भरायचं. घर झाडल्यासारखं समाधान मिळतं. पण सहा आठवडे जपलेले जिवाणू त्या एका तासात मोरीत जातात आणि सोमवारी टाकी पुन्हा पहिल्या दिवसाची होते. मंगळवारी-बुधवारी मासा मेला की लोकांना वाटतं अजून घाण राहिली असेल, म्हणून पुढच्या रविवारी आणखी जोरात घासतात. वर्षभर याच चक्रात अडकलेलं घर मी बघितलंय. दर आठवड्याला फक्त चौथा हिस्सा पाणी बदला, नळीनं खडीवरचा गाळ ओढत. स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा दाबायचा, बस. त्या निळ्या औषधानंही फिल्टरचे जिवाणू मरतात. औषध द्यायचंच तर आजारी मासा वेगळ्या बादलीत काढून द्या.

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं असं मी पोरांना सांगतो. गावाला चार दिवस जायचं असेल तर उपाशी ठेवा, मोठ्या माशाला काही होत नाही. शेजारच्या काकूंना डबा देऊन गेलात तर त्या मायेनं मूठ-मूठ टाकतात आणि आल्यावर टाकी पांढरी फटक दिसते.

पावसाळ्यात लाईट गेली तर बॅटरीचा एअर पंप हाताशी असू दे. तोही नसेल तर तांब्यानं टाकीतलंच पाणी उचलून वरून बारीक धारेनं सोडायचं, तासाला पाच मिनिटं. खानापूरच्या बाजूला झाड पडून दोन-दोन दिवस लाईट नसते, आत्याच्या नातवानं एका आषाढात पाळी लावून हे केलं आणि एकही निऑन गेला नाही.

चुकीचे मासे आधीच आणले असतील तर

मोठे होणारे मासे टाकीत आहेत म्हणून घाबरून जाऊ नका, पण वाट बघत बसू नका. पाणी आठवड्यातून दोनदा बदला, खाणं निम्म्यावर आणा आणि त्यांना दुसरं घर शोधा. काही दुकानदार परत घेतात, पैसे देत नाहीत पण जागा देतात. मोठी टाकी असणारे हौशी लोक प्रत्येक गावात असतात. एवढं मात्र करू नका: किल्ला तलावात, मार्कंडेय नदीत किंवा गावच्या तळ्यात सोडून येणं. पुण्य समजून सोडतात. सकर असा सुटलेला देशात ठिकठिकाणी नद्या-तलावांत वाढलाय, जाळी फाडतो, इथल्या माशांचं खाणं आणि जागा खातो. त्याचं अंग एवढं काटेरी की त्याला खाणारंही फारसं कुणी नाही.

माझा तो पहिला सकर मी चार महिन्यांनी निपाणीच्या एका मित्राला दिला, त्याची पाच फुटी टाकी आहे. दिला तेव्हा माझ्या मधल्या बोटाएवढा होता. गेल्या दिवाळीत बघायला गेलो तर काचेला चिकटून बसला होता. मी हात आडवा धरून मापलं, कोपरापासून मनगटापर्यंत भरला.